चुळीतली ओळ

१

टेबलावर पाच वस्तू होत्या. करड्या रंगाचा, बिनलेसचा एक बूट, उजव्या पायाचा. एक पांढरा पुठ्ठा, त्यावर त्याच बुटाचं चित्र आणि खाली इंग्रजीत तीन शब्द. एक मोबाइल, त्याच्या पडद्यावर समोरच्या चौकातल्या होर्डिंगचा त्याच सकाळी काढलेला फोटो. त्यात दुसऱ्याच कंपनीचा दुसराच बूट, आणि खाली इंग्रजीत तेच तीन शब्द. साय धरलेला चहाचा कप. आणि बाईंचा चष्मा.

शेवटची वस्तू सर्वांत वाईट. समोरच्याचं तोंड बघायची इच्छा नसली की बाई चष्मा काढून ठेवायच्या.

"वाच," बाई म्हणाल्या.

"हील युअर सोल."

"आता फोटोतलं."

"तेच आहे, बाई."

"काना-मात्रेचा फरक नाही. म्हणून तर तुला बोलावलं."

पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती बाईंच्या या जाहिरात कंपनीत लागली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. एखादी ओळ किती लोकांच्या लक्षात राहते, हे मोजणं तिचं काम. 'ही आता आमची मापं काढणार,' असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून ती सगळ्यांची मापाडी झाली.

मामला समजायला सोपा होता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी एका बूटवाल्यांनी नवा बूट काढला. ओळ इंग्रजीत हवी होती. इंग्रजी जाहिरातींना कोट्यांचं वेड फार. एका उच्चाराचे दोन शब्द सापडले की निम्मं काम झालं. इथे तर ते दोनदा झालं होतं. 'सोल' म्हणजे बुटाचा तळ आणि 'सोल' म्हणजे आत्माही. 'हील' म्हणजे टाच आणि 'हील' म्हणजे बरं करणं. बूटवाल्यांनी ओळ पसंत केली, पैसे मोकळे केले, आणि आज सकाळी ती समोरच्या, स्पर्धक जाहिरात कंपनीनं दुसऱ्या बूटवाल्यांसाठी केलेल्या होर्डिंगवर उगवली.

"तीन शब्दांत दोन कोट्या," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे त्याच. योगायोग म्हणशील?"

तिनं मनात हिशेब केला. पहिली कोटी जुळायची शक्यता पन्नासात एक धरली, दुसरीही पन्नासात एक. गुणाकार अडीच हजारात एक.

"अवघड आहे," ती म्हणाली.

"शुक्रवारी बूटवाले येतायत. त्यांना एक नाव द्यावं लागेल मला."

"कुणाचं?"

बाईंनी चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. "मास्तरांचं."

मास्तर म्हणजे कंपनीचे सर्वांत जुने ओळी लिहिणारे. बाईंच्या वडिलांनी त्यांना आणलं होतं, आणि आजच्या निम्म्या लिहिणाऱ्यांना त्यांनीच हाताशी धरून शिकवलं होतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर ते घरी पडून होते, आणि पट्टी डोळ्यावर असतानाच त्यांनी ही ओळ फोनवरून दिली होती. त्याच दिवशी त्यांचा भाचा त्यांना भेटायला गेला होता. भाचा समोरच्या कंपनीत ओळी लिहायचा.

"या धंद्यात एकदा म्हटलं गेलं ना, की अमका ओळी विकतो," बाई म्हणाल्या, "की त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. भाच्यालाही नाही. मला ते नाव घ्यायचं नाहीये, मापाडी. म्हणून शुक्रवारपर्यंत तुला मोकळं सोडते. दुसरं काही सापडलं तर सांग."

"मास्तर काय म्हणतात?"

"विचारलं मी. 'ही ओळ तुमच्यामुळे बाहेर गेली का?'" बाईंनी कप पुढे ओढला आणि तसाच मागे सारला. "म्हणाले, 'बाई, तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा. मी नाही म्हणणार नाही.'"

२

बूटवाल्यांशी बोलणं, त्यांची मर्जी सांभाळणं हे काम बाईंच्या जावयाकडे होतं. कंपनीत त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे जावईबापू. माणूस मऊ. मापाडी खोलीत आली तशी त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"मी काय सांगणार? मास्तरांचा फोन आला. त्यांनी ओळ सांगितली. मी चित्रकारांना दिली. संपलं."

"फोनवर आणखी कुणी होतं?"

"माझ्याकडे कुणी नाही. त्यांच्याकडे भाचा असणार. मी आरोप नाही करत हं. वय झालंय त्यांचं. घरच्या माणसापुढे तोंडातून एखादी गोष्ट निसटते."

पलीकडून आवाज आला. "अरे गाढवा, सरळ उभा राहा की जरा. टाच कुठे गेली तुझी?"

दोघंही दचकली आणि मग हसली. चित्रकार आपल्या चित्राला रागावत होते. मधली भिंत प्लायवुडची. त्या बाजूला चित्रकारांचं मोठं टेबल, ज्याभोवती लिहिणारेही येऊन बसत.

"दिवसभर चालतं हे," जावईबापू म्हणाले. "फुकटचा रेडिओ आहे माझा." मग त्यांचा चेहरा उतरला. "पण हळहळ वाटते हो. इतकी चांगली ओळ. ऐकल्यावर अख्खी खोली हसली होती. आणि आता बघा, जळली मेली."

ती उठली. दाराशी पोचल्यावर जावईबापूंनी विचारलं, "मास्तरांना फार त्रास नाही ना होणार? म्हणजे, काढून टाकतील फक्त, एवढंच ना?"



३

चित्रकार उंच, खांद्यात वाकलेले आणि जिभेचे तिखट. तिला बघून त्यांनी पेन्सिल कानावर खोचली.

"या मापाडीबाई. माझं माप काढायला आलात? कमरेपासून सुरू करा, तिथे वाढलंय."

"मास्तरांची ओळ तुमच्याकडे आली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"हसलात?"

चित्रकारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हसेन कशाला? मला रडू आलं, बाई." कोपऱ्यातल्या धाकट्या लेखिकेकडे त्यांनी मान वळवली. "हिला विचारा. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि मुकाट्यानं कामाला लागलो."

धाकटीनं मान हलवली आणि खाली घातली.

"चांगली ओळ आहे ना पण?"

"तुम्हाला चूळ माहीत नाही, म्हणून असं म्हणताय. बसा."

आणि त्यांनी सांगितलं. नवीन काम आलं की मास्तर कुणालाही पेन हातात घेऊ देत नसत. आधी सगळ्यांनी या टेबलाभोवती बसायचं आणि त्या वस्तूवर सुचतील तेवढ्या कोट्या मोठ्यानं म्हणून टाकायच्या. चष्मा असेल तर डोळ्यांच्या, गादी असेल तर झोपेच्या. एकही लिहायची नाही. तोंड अगदी कोरडं पडेपर्यंत थुंकायच्या. याला म्हणायचं चूळ भरणं.

"मास्तर म्हणतात, जे आपल्या तोंडात आधी येतं ते गावाच्या तोंडात आधीच असतं. तोंड धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. आणि एकदा चुळीतून पडलेली ओळ पुन्हा ताटात घ्यायची नाही. कुणीही. मेला तरी."

"आणि ही ओळ?"

"मीच म्हटली होती. आधी सोलमेट, मग तो टाचेचा काहीतरी भुक्कड प्रकार, मग ही. सगळे हसले, शिळ्या विनोदाला हसतात तसे. मास्तरांनी हात झटकले आणि म्हणाले, 'गेली एकदाची. ही यायचीच होती.'" चित्रकारांनी पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं, पुन्हा खोचली. "महिन्याभरानं जावईबापू तीच ओळ घेऊन आले, मास्तरांनी दिली म्हणून. एरवी मास्तर ओळ स्वतः आणतात, माझ्या मानेवर उभे राहतात, अक्षर जरा डावीकडे घ्या म्हणून जीव खातात. या वेळी ते नाहीत, आणि ही ओळ. काय समजायचं मी? समजलो. म्हातारपण कुणाला चुकलंय?"

"बाईंना नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुमच्या वडिलांनी आणलेल्या माणसाला स्वतः काय थुंकलं ते आठवत नाही, असं?"

मापाडी बाहेर आली आणि जिन्यावरच थांबली. ज्याला ओळ विकायची असेल तो माणूस टाकून दिलेला माल कशाला विकेल? आणि नियम ज्यानं घातला त्यानंच तो मोडला असेल, तर प्रश्न चोरीचा नव्हताच. तो अधिक वाईट होता, आणि त्याचं उत्तर मास्तरांना आधीच ठाऊक असल्यासारखं ते गप्प होते.

४

भाचा होर्डिंगच्या खालीच भेटला. स्वतःच्या कामाकडे पाठ करून बाकावर बसला होता.

"मामानं बघितलं का हे?" त्यानं आधी विचारलं. "काय म्हणाला?"

"घरीच आहेत. बघितलं नसेल."

"बघू नये. मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

"ओळ तुम्हाला त्यांच्याकडून मिळाली, असं लोक म्हणतायत."

तो इतक्या जोरात वळला की हातातला चहा त्याच्या पँटवर सांडला. "मामाकडून? ही? अहो, मामानं मला ओळ द्यायची ठरवली असती तर चांगली नसती का दिली?" तो पँट झटकत राहिला. "आमच्या साहेबांना घाई होती. बूट म्हटलं, उभं राहणारे लोक म्हटलं, चहा गार व्हायच्या आत ओळ तयार. कुणाची विचाराल तर तेही सांगता येत नाही. तिघं एकदम बोललो."

"तिघं?"

"तिघं. साहेब म्हणाले, तिघांना एकदम सुचली म्हणजे चांगलीच असणार. मामा असता तर म्हणाला असता, म्हणूनच वाईट."

मापाडीला आपला गुणाकार आठवला आणि तिचे कान तापले. पन्नासात एक गुणिले पन्नासात एक, हे कधी? दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तर. इथे तर बुटाचा तळ ज्याच्या डोक्यात आला त्याच्यापासून टाच दोन बोटांवर होती, आणि आत्मा आला की बरं करणं त्याच्या मागोमाग येणारच होतं. दुसरी कोटी पहिलीच्या शेपटीला बांधलेली होती. पहिल्या वर्षाच्या मुलानं केली असती तर परीक्षकांनी लाल गोल काढला असता, अशी ती चूक होती. आणि ती तिनं बाईंच्या समोर 'अवघड आहे' म्हणून पक्की केली होती.

"तुम्ही मामांकडे गेला होतात तेव्हा ते ओळ म्हणत होते?"

"पुटपुटत होता. मी म्हटलं, मामा, मी समोरचा माणूस, माझ्यादेखत नको. तर म्हणाला, 'मग कान झाक आणि मामीपाशी जा.' मी गेलो. शब्द नाही ऐकले, शपथेवर. चाल तेवढी ऐकू आली."

"चाल म्हणजे?"

"तो कशी म्हणत होता ते. दोन ठोके, मग थांबायचा, मग लांबलचक पुढे. पुन्हा दोन ठोके, थांबायचा, पुढे." त्यानं बोटांनी बाकावर वाजवून दाखवलं.

तिनं वर होर्डिंगकडे पाहिलं. तीन शब्द. थांबायला जागाच नव्हती.

५

मास्तर काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत बसले होते. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"ये बाळ. बाईंनी पाठवलं?"

"मी आपण होऊन आले. मास्तर, ती ओळ चुळीतली होती."

त्यांनी चष्मा सारखा केला. मग आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "चित्रकारानं सांगितलं वाटतं. हो, चुळीतली. मीच हात झटकले होते."

"मग फोनवर तुम्ही तीच कशी दिलीत?"

"दिली असणार. डोळ्यावर पट्टी, वर झोपेच्या गोळ्या. मला वाटतं की मी दुसरं काहीतरी म्हणत होतो. पण पुठ्ठ्यावर तीच आहे ना? बूटवाल्यांनी तीच पसंत केली ना? मग माझ्या वाटण्याला काय अर्थ?" त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा करून पाहिला. "बाई चोर म्हणतायत. म्हणू देत. चोराला निदान अक्कल असते, लोक मनातून कौतुक करतात. पण ज्याला स्वतःचं थुंकलेलं ओळखू येत नाही, त्याला काय म्हणायचं? लबाड होता म्हटलं तर चालेल मला. संपला म्हटलेलं नाही चालणार. आणि हिला यातलं काही बोलू नकोस."

"काय बोलायचं नाही हिला?" आतून आवाज आला. "ये गं पोरी आत. मला उठता येत नाही."

मास्तरांच्या पत्नी स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. नोकरीभर रुग्णालयात परिचारिका. वॉर्डात उभं राहून पायांच्या शिरा निळ्या दोरीसारख्या वर आल्या होत्या.

"बुटाच्या जाहिरातीचं ना?" त्या म्हणाल्या. "कधी लागणार? माझा वाटा आहे त्यात, सांगून ठेवते."

"तुमचा वाटा, काकू?"

"मग? पट्टी बांधून पडले होते हे. मला म्हणाले, तुझ्या नोकरीत असा बूट मिळाला असता तर तुला काय वाटलं असतं? मी म्हटलं, काय वाटायचंय, चला, शेवटी कळलं बाई कुणाला तरी. तर हे ताडकन उठून बसले. डॉक्टरांनी मान हलवू नका म्हणून बजावलेलं. आणि मग दिवसभर तेच इंग्रजीत. भाचा आला तरी तेच, फोनवरही तेच. ऐकून ऐकून मला पाठ झालं."

मास्तर दारात येऊन उभे होते. त्यांनी चौकट धरली होती.

"काय पाठ झालं?" मापाडीनं विचारलं.

काकूंनी पाण्यातच पायानं ठेका धरला. दोन ठोके, थांबल्या, आणि मग पुढे. "ॲट लास्ट, समवन अंडरस्टँड्स."



"फोनवर?" मास्तरांनी विचारलं. "मी फोनवर हेच म्हणालो?"

"अहो, मी फोन धरून होते तुमच्या कानाला. दोनदा म्हणालात. 'शब्द बदलू नका, जावईबापू,' असंही म्हणालात. मी चिमटा काढला, तोंडावर जावईबापू काय म्हणता म्हणून."

मास्तर खाली बसले, जिथे होते तिथेच, उंबऱ्यावर. चष्मा काढून त्यांनी ऑपरेशन न झालेला डोळा पुसला. मग हळूहळू, शिकवायच्या जुन्या आवाजात बोलायला लागले.

"समवन अंडरस्टँड्स. कुणाला तरी समजतं. पण अंडर आणि स्टँड्स असे तुकडे केले तर, जो तुमच्या खाली उभा असतो तो. बूट. आणि ॲट लास्ट म्हणजे शेवटी, पण बूट ज्या लाकडी पायावर चढवून शिवतात ना बाळ, त्या साच्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात. ते एक बूटवाल्याला कळावं. गिऱ्हाइकाला नाही कळलं तरी बिघडत नाही. कोटी काढून घेतली तरी ओळ आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे."

"आठवलं नं तुम्हाला," काकू म्हणाल्या. "उंबऱ्यावर बसू नका. गुडघे धरतील."

तिथून मापाडी आपल्या जुन्या कॉलेजात गेली. तिथल्या तिच्या प्राध्यापिकांनी एक वर्ग मोकळा करून दिला. चाळीस विद्यार्थी, बाकावर एकेकटे. फळ्यावर एवढंच: 'दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी बूट. इंग्रजी ओळ. प्रत्येकी पाच. बोलायचं नाही.' ज्यांनी नवं होर्डिंग पाहिलं होतं त्यांना तिनं आधीच बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी कागद गोळा केले, मोजले, आणि शंका नको राहायला म्हणून प्राध्यापिकांनाही वेगळे मोजायला दिले. दोघींचे आकडे जुळले.

६

शुक्रवारी टेबलाभोवती सगळे होते. बूटवाले, रुंद बोटांचे, अबोल. चित्रकार. जावईबापू. मास्तर, काळ्या चष्म्यात. बाईंचा चष्मा टेबलावर.

"बोल," बाई म्हणाल्या.

"पुठ्ठ्यावरची ओळ मास्तरांची नाही," मापाडी म्हणाली. "ती चुळीतली आहे. चुळीला जे बसले होते त्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती वापरायची नाही. बाई, चूळ काय असते ते तुम्हालाही वडिलांपासून माहीत आहे. म्हणजे ती ओळ चांगली आहे असं फक्त अशाच माणसाला वाटू शकतं, ज्यानं ती ऐकली पण चूळ म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

"असा कोण आहे?"

ती वळली. "साहेब, तुम्ही मला म्हणालात, ओळ ऐकल्यावर अख्खी खोली हसली. ओळ तर तुम्हाला फोनवर मिळाली. पुठ्ठ्यावर आली तेव्हा चित्रकार हसले नाहीत, धाकटीही हसली नाही. मग कुठली खोली हसली?"

 जावईबापूंनी प्लायवुडच्या भिंतीकडे एकदा पाहिलं.

"काकू फोन धरून होत्या," ती म्हणाली. "मास्तरांनी दोनदा सांगितलेली ओळ त्यांना पाठ आहे."

"मला वाटलं..." जावईबापूंचा आवाज आतून आल्यासारखा आला. "पलीकडे इतके हसत होते सगळे. मला कुणी कधी त्या टेबलावर बोलावलं नाही, पण ऐकू येतंच. एवढी खसखस पिकली म्हणजे नंबर एक असणार, असं वाटलं. आणि मग मास्तरांनी फोनवर दिलं ते साधं वाक्य. मला त्यात कोटीच दिसली नाही. म्हटलं, आजारी माणूस आहे, आपण सांभाळून घेऊ. नाव त्यांचंच ठेवलं मी."

"वा," चित्रकार म्हणाले. "आम्ही चूळ भरली आणि तुम्ही अमृत म्हणून प्यायलात."

"आणि होर्डिंग लागल्यावर?" बाईंनी विचारलं.

"तेव्हा तुम्ही आधीच मास्तरांचं नाव घेतलं होतं."

बाईंनी चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला. जावयाकडे पाहिलं, बराच वेळ. मग खुर्ची मागे सरकवून उठल्या आणि मास्तरांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं ते विचारणं नव्हतं, मी ठरवून सांगितलं होतं."

"मी तरी कुठे उत्तर दिलं," मास्तर म्हणाले. "बसा बाई. पाय दुखतील."

 आता बूटवाले म्हणाले, "ती दुसरी ओळ काय आहे?"

मास्तरांनी सांगितली. एकदाच, मधे थांबून.

बूटवाल्यांनी टेबलावरचा बूट हातात घेतला. पंजा आत घातला, जिथे शिवताना लाकडी पाय असतो तिथपर्यंत. "लास्ट," ते स्वतःशीच म्हणाले. "हा शब्द आमच्या कारखान्याबाहेर मी कधी ऐकला नाही." मग त्यांनी बूट खाली ठेवला. "पण माझे एकदा हात पोळलेत. आतून ओळ फुटली नव्हती कशावरून? आणि ही नवी उद्या समोरच्या चौकात लागणार नाही कशावरून?"

सगळ्यांनी मापाडीकडे पाहिलं. तिनं कागद काढला नाही. आकडे तिच्या लक्षात होते.

"चाळीस जणांना एकेकटं बसवून विचारलं," ती म्हणाली. "प्रत्येकी पाच ओळी, दहा मिनिटं. 'हील युअर सोल', तेवीस जण. 'ॲट लास्ट, समवन अंडरस्टँड्स', शून्य."